विहिरीत कुत्रं दिसलं नाही

मला कुत्रं चावलं त्याची गोष्ट चुडाव्यापासून पूर्णेपर्यंत गाजलेली होती. मी ती उभ्यानं सांगायचो. कुत्र्याचं काम मीच करायचो आणि माझंही मीच. चावा पोटरीला. चुलतीनं त्यात तिखट आणि चुना दाबून भरला, तेव्हा मी अशी बोंब ठोकली की कुत्रंच गाव सोडून पळालं! मग आमच्याकडची रीत: सात विहिरींत डोकावायचं, पाण्यात कुत्रं दिसलं नाही की विष उतरलं. तिसऱ्या विहिरीत माझा चष्मा पडला. पुढच्या चार विहिरींत हत्ती असता तरी मला दिसला नसता. इथं लोक मांड्या थोपटायचे.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला रेल्वेत कोंबून परभणीला नेलं. दवाखान्यात नळाखाली साबण लावून जखम बराच वेळ धुतली, आणि दिलेल्या तारखांना मी सगळ्या सुया घेतल्या. एवढं मी गोष्टीतून गाळलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या शेताला ज्याचा बांध लागून, तो माझा जुना दोस्त. मागच्या वर्षी त्याच्या बोटाला पिल्लू चावलं. चहाच्या टपरीवर हसतच आला. "दादा, तुमच्यावानी समदं केलं. तिखट, चुना, सात विहिरी. चष्मा तेवढा पडला न्हाई, मला चष्माच न्हाई!"

टपरी खदखदली. मी म्हणालो, "सुई घे की लेका."

"तुमी कुठं घेतली व्हती?"

पाच-सहा जण माझ्या तोंडाकडं बघत होते. मी दोन्ही कानांना हात लावून कुत्र्यासारखा विव्हळलो. पुन्हा हशा. वाटलं, नंतर एकट्याला सांगू. मग सोयाबीनची काढणी आली, आणि पिल्लाचा चावा तो केवढा, असंही मनात आलं.

दीड महिन्यानं त्याच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग पाण्याचा तांब्या पाहिला की घसा आवळायचा. परभणीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, सुया घेतल्या होत्या का? त्याच्या बायकोनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी बी घेतल्या न्हाईत. ह्यांना काय झालं?"

"घेतल्या होत्या," मी म्हणालो. "सगळ्या."

खाटेवरून त्यानं माझ्याकडं पाहिलं. शुद्धीत होता. "मग सांगायचं की, दादा," एवढंच म्हणाला. तोंडातून लाळ गळत होती, ती मी उपरण्यानं पुसली.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

ज्यांच्या हाताला त्याची लाळ लागली त्या सगळ्यांना सुया घ्यायला सांगितलं. रांगेत त्याची बायको पुढं, मी मागं. तिचा नंबर आला तेव्हा ती बाजूला सरकली.

"तुमी घ्या आधी, भावजी," ती म्हणाली. "तुमाला सवय हाय."