आईच्या शिव्यांना आमीन

फतही उस्तादांना ओमानमधल्या सहम गावात सगळे ओळखत, पण ते पोरांना व्याकरणात धारेवर धरणारे मास्तर म्हणून. माणूस कवी आहे हे फारसं कोणाच्या गावीही नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना ते पटत नव्हतं. कारण मूळच्या इजिप्तच्या या गृहस्थानं शाळेत उभी हयात पुस्तकातली अरबी शिकवली आणि कविता मात्र केली ती आपल्या गावच्या बोलीत. कोंबड्या हाकलताना, भाजीवाल्याशी घासाघीस करताना बायका बोलतात ना, तीच बोली. तरुणपणी कैरोत एक पातळसं पुस्तक छापलं होतं. मित्रांनी ते फुकट नेलं आणि वाचलं नाही. झाली कारकीर्द! मग नोकरीसाठी ओमानला आले ते इथलेच होऊन बसले.

कविता करायची त्यांची तऱ्हाही न्यारी. कागद नाही, पेन नाही. समुद्राकाठी फेऱ्या मारत ओळी पुटपुटायच्या आणि मग बदरुद्दीनच्या दुकानात येऊन म्हणून दाखवायच्या. बदरुद्दीन दापोलीकडचा, मच्छीमारांना जाळी, दोर, नांगर विकायचा. अरबी तो गिऱ्हाइकांकडूनच शिकला. त्यामुळे पुस्तकातली अरबी त्याच्या डोक्यावरून जायची आणि उस्तादांची ही बाजारातली अरबी, थोडी अडखळत का होईना, बरोबर पोचायची. ऐकता ऐकता त्याची नजर रस्त्याकडे गेली की उस्ताद समजायचे, ओळ पडली. ती तिथंच खलास. तो हसला की ओळ पास. इतक्या वर्षांत उस्तादांना श्रोता मिळाला तो हा एकच, आणि चहाही तोच पाजायचा.

यंदा परीक्षांच्या धामधुमीत गावाहून फोन आला. आई गेली होती. त्यांच्याकडे मयत घरात ठेवत नाहीत, त्याच दिवशी माती देतात. उस्ताद विमानाची चौकशी करेपर्यंत सगळं आटोपलंही होतं. मग ते गेलेच नाहीत. आता जायचं तरी कोणासाठी?

त्याऐवजी त्यांनी कविता रचली. रडकी नव्हे हं. म्हातारीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा तसा तो कवितेतही चालू होता, नुसत्या शिव्या आणि टोमणे. उस्तादांना आता एकच हवं होतं. चाळिसाव्या दिवशी चार माणसांत उभं राहून ती मोठ्यानं म्हणायची. लोकांनी हसावं, काय बाई होती ही, असं म्हणावं. आई अशी कोणाला तरी कळली म्हणजे झालं. शाळेतल्या दुसऱ्या इजिप्शियन मास्तरांना त्यांनी विचारलं, तर ते तोंड वाकडं करून म्हणाले, "अशा वेळी कुराण वाचतात, फतही. असली भाषा नाही काढत."

उस्तादांना ते फार लागलं. दुकानात आले ते एकही ओळ न म्हणता चहा पीत बसले. बदरुद्दीननं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठं बोलले.

"आमच्यातही चाळिसावा करतात," बदरुद्दीन म्हणाला. "माझ्या घरी करू. माणसं मी जमवतो. तुम्ही फक्त या, उस्ताद."

चाळिसाव्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, त्याच्या घरी कोकणातली बरीच मंडळी जमली. त्याच्या बायकोनं, अमीरुन्निसानं, मोठ्या टोपात मटण शिजवलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या होत्या. मयतासाठी फातिहा पढून झाली. मग बदरुद्दीन म्हणाला, "आता उस्ताद आपल्या आईसाठी काही बोलतील." कविता आहे हे सांगायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

उस्ताद उठले आणि त्यांनी पहिली ओळ म्हटली. "फतही, मेल्या, जेवल्याशिवाय कुठं निघालास?"

"आमीन," अख्खी खोली म्हणाली.

लोकांची तरी काय चूक? त्यांची अरबी म्हणजे कितीला, कधी आणि ‘चल’ म्हणायला यल्ला, एवढीच. लयीत अरबी कानावर पडली, तीही फातिहानंतर, की ती दुआच. सगळ्यांनी हात पसरले होते. बदरुद्दीनला घाम फुटला. त्यानं हातानं थांबा थांबा अशी खूण केली, तर लोकांना वाटलं, हात आणखी वर घ्यायला सांगतोय. त्यांनी घेतले.

थांबावं की काय, असं उस्तादांना वाटून गेलं. पण आई कधी कोणासाठी थांबली होती?

"तांबडी कोंबडी तुझ्या बापाच्या गादीत अंडं घालून गेली, तेही माझ्यामुळंच का?"

"आमीन."

"जळो ती तुझी शाळा, जळो तुझ्या मास्तराची दाढी!"

"आमीन," आतून बायकाही म्हणाल्या. पुढं बसलेले पांढऱ्या दाढीचे चाचा तर सगळ्यात मनापासून.

उस्तादांना वाईट वाटलं. एवढी माणसं बसलीत आणि आई एकालाही दिसत नाही. ही एकच कविता त्यांनी दुकानात आधी म्हणून दाखवली नव्हती. ती ते सरळ इथंच घेऊन आले होते. आता शेवटची ओळ तेवढी राहिली. ती त्यांनी रचलेली नव्हती. आई फोन ठेवताना दर खेपेला म्हणायची, ती तिची तशीच ठेवली होती.

"या अल्ला, पोराचं तोंड बघितल्याशिवाय मला नेऊ नकोस."

"आमीन," सगळे म्हणाले, आणि हात तोंडावरून फिरवले.

 उस्तादांनी बदरुद्दीनकडे पाहिलं. तो मान खाली घालून रडत होता. आमीन म्हणाला नव्हता तो एकटाच.