परवाना न भरणाऱ्यांची बैठक

आयर्लंडमध्ये घरात टीव्ही असला की त्याचा परवाना काढावा लागतो. वर्षाला एकशेसाठ युरो. तुम्ही तो बघता की नाही हे कोणी विचारत नाही. बंद पडलेला असला तरी सरकारला चालतं. दुरुस्त होऊ शकतो ना, मग भरा. आणि तेच सरकारी चॅनल तुम्ही दिवसभर फोनवर पाहिलंत, तर एक सेंटही लागत नाही. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. थट्टेवर देखरेख करायला पगारी इन्स्पेक्टर ठेवलेत, हे नंतर कळलं.

डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या फ्लॅटमधला टीव्ही घरमालकाचा होता. भिंतीला असा ठोकून बसवलेला, की काढायचा तर भिंतही सोबत न्यावी लागली असती. तुम्ही घेऊन जा, असं मी मालकाला दोनदा कळवलं. त्याचं उत्तर आलं, की फ्लॅट 'सुसज्ज' म्हणून भाड्याने दिला आहे आणि टीव्ही हा सज्जतेचा भाग आहे. म्हणजे वस्तू त्याची, भिंत त्याची, भाडं त्याला, आणि परवाना मी काढायचा. मी तो टीव्ही वर्षभरात एकदाही लावला नव्हता. त्याच्यावर ओढणी वाळत घालायचे, तेवढीच त्याची सेवा.

पत्रकं लिहायला मी इथल्या भाडेकरूंच्या चळवळीत शिकले. वाक्य छोटं हवं, राग मोठा हवा आणि फोटो हसरा नको. या परवान्याविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा मजकूर माझ्याकडेच आला. 'एका खोलीत राहणाऱ्याला एकशेसाठ. सात खोल्यांच्या बंगल्यालाही एकशेसाठ. याला समानता म्हणतात.' हे माझं. 'आम्ही पैसे भरलेले नाहीत. आम्ही भरणार नाही. न्या आम्हाला कोर्टात.' हेही माझंच, आणि त्याखाली माझा न हसणारा फोटो.

कोर्टाची कल्पना मात्र आमच्या अध्यक्षाची. तो कासलबारचा, शाळेत शिकवतो, आणि त्याच्या स्वेटरवर कायम कुत्र्याचे केस असतात. त्याचं म्हणणं, एक तरी खटला उभा राहिल्याशिवाय पेपरवाले फिरकत नाहीत. आणि तुझी गोष्ट तर सोन्यासारखी आहे. परदेशातून आलेली मुलगी, भाड्याचं घर, मालकाचा टीव्ही. मी त्याला सांगितलं, "माझा नागरिकत्वाचा अर्ज आत गेलाय. त्यात चारित्र्याचा रकाना असतो. कोर्टात काही चालू असेल तर लिहावं लागतं."

"अगं, टीव्हीचा परवाना तो," तो म्हणाला. "दरोडा थोडाच घातलायस! ग्रँड होईल सगळं."

इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'. ज्याच्याकडे जन्मापासून पासपोर्ट असतो त्याला सगळंच ग्रँड दिसतं. पण तेव्हा मी पत्रकाच्या नशेत होते. हो म्हणाले.

त्याच हिवाळ्यात बाबा आले, अमरावतीहून, तीन महिन्यांसाठी. माझी फ्लॅटमेट सुट्टीवर मुंबईला गेली होती, तिच्या खोलीत त्यांची सोय केली. बाबा वीज मंडळात थकबाकी विभागात होते. न भरणाऱ्यांची वीज तोडायच्या नोटिसांवर सह्या करण्यात त्यांची नोकरी गेली. आता त्यांची मुलगी न भरणाऱ्यांची पुढारी आहे, हे मी त्यांना टप्प्याटप्प्याने सांगणार होते.

मी ऑफिसला गेले की त्यांना घरात दुसरं काही नव्हतं. ओढणी बाजूला झाली आणि टीव्ही सुरू झाला. आठवडाभरात हा गृहस्थ आयरिश शेतीचा जाणकार झाला. जेवताना मला विचारायचे, "इथं कालवडीले काय भाव हाय, मालूम हाय का तुले?" मला मालूम नव्हता. मी सॉफ्टवेअर तपासते. संध्याकाळी सहाला सरकारी चॅनलवर चर्चची घंटा वाजते, तेव्हा ते बोलणं थांबवून हात जोडायचे. मी म्हटलं, बाबा, हे आपलं नाही. "घंटा हाय ना? मंग?" हवामान सांगणाऱ्या बाईवर त्यांचा खास लोभ. "हिचा अंदाज रोज खरा ठरते, पाहून घे." डब्लिनमध्ये पावसाचा अंदाज खोटा ठरवायला जास्त हुशारी लागते, हे मी बोलले नाही.

मग मी घरी नसताना इन्स्पेक्टर आला. असा माणूस दारात आला तर काय करायचं, यावर मी स्वतः पत्रक लिहिलं होतं: दार उघडू नका, नाव सांगू नका, आत घेऊ नका. बाबांनी दार उघडलं, माझं पूर्ण नाव सांगितलं, त्याला आत बसवलं, चहा दिला, चिवडा दिला आणि टीव्ही दाखवला. नुसता दाखवला नाही, लावून दाखवला. त्यातला आवाज मधेच का जातो, तेही त्यालाच विचारलं.

"चांगला माणूस हाय व," संध्याकाळी ते म्हणाले. "त्यानं आवाज दुरुस्त करून देल्ला. म्हणे, पोरीनं परवाना नाही काढला तं केस कोर्टात जाईन."

"जाऊ दे," मी म्हटलं. "आम्हाला तेच हवंय." आणि मग सगळं सांगितलं. मोहीम, पत्रक, खटला. बाबा ऐकत राहिले. "आन् तुह्या त्या अर्जाचं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ग्रँड होईल. त्या शब्दाचा अर्थ त्यांनी विचारला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी बैठक आमच्याकडे होती, कारण आमच्या फ्लॅटची हीटिंग चालते. अध्यक्ष आला. स्लायगोच्या एक निवृत्त नर्सबाई आल्या, त्या आमच्या खजिनदार. आणि सोशल मीडिया बघणारी एक विद्यार्थिनी, जी प्रत्येक वाक्याचा व्हिडिओ करते. बाबांनी सगळ्यांसाठी तर्री-पोहे केले. नाकं पुसत पुसत सगळे खात होते. अध्यक्ष म्हणाला, इन्स्पेक्टर येऊन गेला हे उत्तम झालं. आता समन्स आलं की कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो काढू.

"समन्स नाही येत," बाबा ओट्यापाशी उभे राहून इंग्रजीत म्हणाले. "पैसे भरलेत. शुक्रवारी पोस्टात जाऊन मीच भरले. हिच्या नावाने."

विद्यार्थिनीने फोन खाली ठेवला. या चळवळीत तिने फोन खाली ठेवलेला मी तेव्हाच पाहिला.

"बाबा!" मी मराठीत ओरडले. "मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तं भरू देल्ले असते का?"

"हा माझा लढा आहे!"

"हो ना. आन् अर्जबी तुहाच हाय. पाच वर्सं थांबली तू त्याच्यासाठी. थ्या रकान्यात काय लिवणार होती, टीव्ही?"

अध्यक्षाला मराठी कळत नव्हतं, पण पराभव कळला. त्याने घसा साफ करून मला विचारलं, "हे रद्द करून घेता येईल का? म्हणजे, वडिलांना नियम माहीत नव्हता, असं काही?"

तो हे माझ्या घरात, माझ्या बापाच्या हातचे पोहे खात विचारत होता.

बाबांना ते इंग्रजी नीट समजलं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं. खोलीत कोणी जोरात बोललं की ते जास्तच सभ्य होतं. अध्यक्षाच्या बशीत आणखी पोहे वाढत त्यांनी विचारलं, "सर, आपण स्वतः परवाना भरलेला नाही, असं मी समजू का?"

"तत्त्वतः..." अध्यक्ष म्हणाला.

"तत्त्वतः नको. घरी."

"घरी ती कामं बायको बघते. बँकेतून आपोआप जातात. रविवारी सामने असतात ना, मुलं ऐकत नाहीत."

मी विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती आईवडिलांकडे राहते. ते भरतात. "पण मी त्यांच्याशी त्यावरून भांडते," ती म्हणाली, आणि खरंच दुखावल्यासारखी दिसली.

नर्सबाईंनी चमचा बशीत ठेवला. "मला तर फुकटच आहे गं, सत्तरी झाली ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बाकी सगळे तुझ्यासारखेच असतील."

म्हणजे या देशव्यापी असहकारात न भरणारी व्यक्ती मोजून एक. आणि ती नेमकी तीच, जिला या देशातून जा म्हणता येतं. पत्रकातलं 'आम्ही' मी किती जोरात लिहिलं होतं! पायऱ्यांवरच्या फोटोत मीच असणार होते, आणि हे तिघं कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून मला शाबासकी देणार होते.

"ठीक आहे," मी अध्यक्षाला म्हटलं. "पुढचा खटला इथे जन्मलेल्याचा. तुझा फोन हातातच आहे. बँकेचं ते आपोआप जाणं आत्ता बंद कर."

"हे जरा घरी बोलावं लागेल. नवीन वर्षात बघू."

फेब्रुवारी चालू होता.

ते गेल्यावर बाबांनी बशा विसळल्या आणि विचारलं, "राग आला का?" मी म्हटलं, आला. "येऊ दे. थो कागद येऊ दे हाती, मंग मनसोक्त भांड. मंग मी नाही भरत."

मला विचाराल तर हा कर आजही वाईटच आहे. बाबांनी तीन महिन्यांत एकशेसाठ युरो पुरेपूर वसूल केले, कालवडींच्या भावासकट. पण अमरावतीच्या एका पेन्शनराची करमणूक हे त्या कायद्याचं उद्दिष्ट असेल असं वाटत नाही. ज्याला हवा त्याने भरावा, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त भरावा, आणि मालकाच्या टीव्हीचा मालकाने भरावा. यात काय अवघड आहे? मी नवं पत्रक लिहिलं: 'मी पैसे भरले आहेत. तरीही हे चूक आहे.' अध्यक्ष म्हणाला, यात धार नाही. मी म्हटलं, मग धारेसाठी तुझा फोटो दे. पत्रक आहे तसंच छापलं गेलं.

पुढच्या शनिवारी मी आणि अध्यक्ष सुपरमार्केटबाहेर टेबल मांडून बसलो. पिशव्या सावरत एक बाई थांबल्या, पत्रक वाचलं, आणि विचारलं, "तुम्ही भरलेत होय? मग आम्हाला कशाला सांगता?"

"मी भरलेत म्हणूनच सांगतेय, एकशेसाठात काय मिळतं ते," मी म्हटलं. "न भरण्याबद्दल विचारायचं असेल तर हे आमचे अध्यक्ष, यांना विचारा."

अध्यक्षाला तेवढ्यात आठवलं, की गाडीच्या पार्किंगचे पैसे भरायचे राहिलेत.