जहाजावरची पहिली पंगत

तुळजापूरहून समुद्राला जायचं तर आधी सोलापूर गाठावं लागतं. सकाळच्या एसटीत मी आणि सुलभा दोन बॅगा, एक पिशवी आणि भलताच उत्साह घेऊन चढलो. कंडक्टर माझा जुना विद्यार्थी.

"सर, आज शाळा सोडून कुठं?"

"बोटीवर चाललोय," मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो.

"उजनीच्या धरणात व्हय?"

मुंबईहून गोव्याला, भर समुद्रातून, चांगलं दहा-बारा मजली जहाज आहे, हे मी त्याला समजावेपर्यंत त्यानं पुढच्या चार जणांची तिकिटं फाडली होती. मागच्या सीटवरची एक म्हातारी मात्र सगळं ऐकत होती. ती सुलभाला म्हणाली, "पान्यात लई भूक लागती बाय. जवळ काय घेतलंय का?"

सुलभानं पिशवीवर हात ठेवला. त्या पिशवीत कडक भाकऱ्या (तव्यावर भाजून, वाळवून पापडासारख्या केलेल्या ज्वारीच्या भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी होती. मी तिला घरी चारदा सांगितलं होतं, की अगं, जहाजावर दिवसभर खायला घालतात, लोक खाऊन खाऊन कंटाळतात. तिचं एकच उत्तर, "असू द्या."

इथं आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. आमचं घर पुजाऱ्याचं. मंदिरातली सेवा धाकटा भाऊ श्रीकांत बघतो, मी शाळेत भूगोल शिकवतो. पण यात्रेकरू उतरतात ते आमच्या दोघांच्या घरी. पिढ्यान् पिढ्या ठरलेली घराणी आहेत, नवस फेडायला येतात, आमच्याकडे राहतात, जेवतात. पहिली पंगत त्यांची. ती उठली, शेण-पाणी म्हणा की आता फरशी पुसणं म्हणा, झालं, की दुसरी पंगत घरच्यांची. त्यातही बायका शेवटी. लग्न होऊन सुलभा आमच्या घरी आली तेव्हापासून तिनं पहिल्या पंगतीला फक्त वाढलं आहे.

तर ही सहल आमच्या केतकीनं, पुण्याच्या लेकीनं, आम्हाला दिली. जाण्याआधी तिकीट करणाऱ्या पोराचा सोलापूरहून फोन आला. मी वर्गाच्या दारात उभा, आत मुलांचा गोंधळ.

"सर, रात्रीच्या जेवणाच्या दोन वेळा आहेत. एक साडेसहाची, एक साडेआठची. तीन दिवस तीच राहणार. कुठली टाकू?"

"दुसरी," मी म्हणालो. "आधी लोकांचं उरकू द्या."

"सर, तुम्हीच लोक आहात," तो म्हणाला. मला वाटलं, विनोद केला. मी हसून फोन ठेवला.

मुंबईच्या धक्क्यावर जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा सुलभानं मान मागं टाकून वरपर्यंत पाहिलं. मी म्हणालो, "कसं आहे?" ती म्हणाली, "एवढ्या खिडक्या पुसतं कोण?" आमची खोली आतल्या बाजूला, बिनखिडकीची होती. खिडकीचं चित्र मात्र होतं. पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला, तो मोडायला नको म्हणून मी पहिल्या दिवशी शर्टालाच हात पुसले.

जहाज दुपारनंतर सुटलं. ऊन कलायला लागलं तसे आम्ही वरच्या मोकळ्या मजल्यावर गेलो. किनारा मागे पातळ होत गेला. आम्ही दक्षिणेला चाललो आहोत, म्हणजे सूर्य उजव्या हाताला मावळणार, असं मी दोन-तीन अनोळखी माणसांनाही सांगितलं. भूगोलाच्या मास्तरला अशी संधी पुन्हा कुठं मिळायची?

सूर्य खाली आला. सगळे फोन वर झाले. मी सुलभाकडे पाहिलं तर ती सूर्याकडे पाहतच नव्हती. ती वाकून खाली बघत होती. खालच्या मजल्यावर जेवणघराचा काही भाग बाहेर आलेला होता, लांबच लांब काचा. आत पहिली पंगत बसली होती. पांढरी टेबलं, त्यावर पिवळं ऊन पडलेलं, आणि कुणीतरी कुणाला तरी वाढत होतं.

"चल, फोटो काढू," मी म्हणालो.

"काढा ना तुमचा," ती म्हणाली.

साडेआठला आम्ही जेवणघरात गेलो. टेबल खिडकीशीच मिळालं. पण बाहेर काळं. काचेत आम्हीच दोघं दिसत होतो, त्यातही माझं टक्कल जास्त. जेवण चांगलं होतं. वाढणारा नम्र होता. सुलभानं दोन घास खाल्ले आणि काचेला बोट लावलं.

"इथून काही दिसत नाही."

"अंधार आहे. काय दिसणार?"

"केतकी म्हणाली होती, जहाजावर उजेडात जेवतात. ताटात ऊन पडतं." मग हळूच, "म्हणून तर मी हो म्हणाले."

मी चमचा खाली ठेवला. सुलभाचं माहेर तेर. तेरणा नदीच्या काठचं शेतकऱ्याचं घर. तिथं वीज असून नसल्यासारखी, म्हणून तिचे अण्णा रानातून आले की दिवस असतानाच सगळं घर ओसरीत जेवायला बसायचं. बाया, माणसं, गडी, एकाच वेळी. समोर नदी, नदीपलीकडे मावळता सूर्य. हे तिनं मला लग्न झालं त्या वर्षी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण आमच्याकडे नऊच्या आत कधी ताट पुढं आलं नाही, आणि ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही.

"मग मला सांगायचंस ना, पहिली घ्या म्हणून."

"तुम्ही विचारलंत कुठं?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "आणि मलाही वाटलं, आपलं पहिल्या पंगतीत नाव कसं येईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणघराच्या दाराशी हजर. तिथला मुख्य माणूस गोव्याचा, रोझारियो नावाचा. काळा कोट, पांढरे केस, हातात पेन.

"सायबा, पहिली बैठक फुल्ल," तो म्हणाला. "वर बुफे आसा ना! सहाला जावा, सात वाजता जावा, कोण विचारता?"

मी धावत वर जाऊन सुलभाला बुफेची वार्ता दिली. तिनं विचारलं, "हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपलं आपण वाढून घ्यायचं?"

"हो."

"वाढायचंच असेल तर घरी काय वाईट होतं?"

खरंच होतं. तिला नुसतं ऊन नको होतं. उजेडात बसायचं होतं आणि कुणीतरी वाढायला हवं होतं. मी पुन्हा रोझारियोकडे गेलो. म्हणालो, कोपऱ्यात कुठंही चालेल. म्हणालो, मी जेवतच नाही, फक्त हिला बसवा. म्हणालो, आम्ही देवीच्या गावचे आहोत. त्यानं हात जोडले आणि पुन्हा सांगितलं, फुल्ल. त्या संध्याकाळी सुलभा सूर्य बघायला वर आली नाही. बिनखिडकीच्या खोलीत, खिडकीच्या चित्राखाली बसून तिनं केतकीसाठी विणत आणलेलं स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी गोवा. उतरलो, देवळं पाहिली, किनाऱ्यावर चप्पल वाहून गेली (माझी, एक), आणि दुसरी हातात घेऊन परत जहाजावर चढताना रांगेत मागून आवाज आला.

"सर, त्या एकल्या चपलेला बी तिकीट काढलंय का?"

ही आमच्याकडची बोली! मागं वळून पाहिलं तर पांढरा सदरा, डोक्यावर क्रिकेटची टोपी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या मंडळी. कळंबचे आडत व्यापारी (शेतकऱ्याचा माल विकून देणारे). नाव भगवानराव. समुद्रात आपल्या जिल्ह्यातलं माणूस भेटलं, की किती बोलू आणि किती नको असं होतं. दहा मिनिटांत त्यांनी सोयाबीनपासून सुनेपर्यंत सगळं सांगितलं.

"बाकी सगळं झ्याक आहे हो," ते म्हणाले, "पर ह्या लोकांनी आमाला साडेसाला जेवाय बसवलंय. आडतीवरनं घरी यायलाच नऊ व्हतात रोज. साडेसाला भूक कुठनं आणायची? कालचं सगळं ताट तसंच गेलं."

माझ्या हातातली चप्पल पडली. "तुम्ही पहिल्या पंगतीला आहात?"

"व्हय. खिडकीपाशी. डाव्या अंगाला. काय उपयोग?"

परतीचं जहाज उत्तरेला जाणार होतं. सूर्य डाव्या हाताला. मी घाईघाईत सगळं सांगितलं, दोन पंगती, तेर, ओसरी, ऊन. सुलभा मागून माझा सदरा ओढत होती. "अहो, राहू द्या. त्यांनी पैसे भरलेत."

भगवानराव ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सर, तुळजापुरात तुमचं घर कुठलं?"

मी सांगितलं. ते हसले आणि बायकोकडे वळले. "ऐकलं का? ह्यांच्याच घरी आपण थोरल्याचा जावळाचा नवस फेडायला उतरलो व्हतो." मग सुलभाला म्हणाले, "वैनी, तुमच्या हातची पुरणपोळी आमी लई खाल्ली. पोट फुटंस्तोवर. तुमी कवा जेवला ते कधी इचारलं न्हाय बघा. आज तुमी बसा. आमी मागून."

"अहो पण, तुमचं जेवण…" सुलभा म्हणाली. त्यांच्या मंडळींनी तिचा हात धरला. "आमी नऊची माणसं, बाई. तुमी उजेडाची. जावा."

रोझारियोनं आम्हा चौघांना एकत्र पाहिलं, पेन काढलं, दोन नावांच्या जागा बदलल्या. "इतकंच होतं तर पयलं सांगपाचं ना," तो म्हणाला. आता पयलं काय सांगणार?

साडेसहाला आम्ही डाव्या खिडकीशी बसलो. सुलभानं तिची मोतिया साडी नेसली होती, जी ती नवरात्राच्या शेवटच्या दिवशी नेसते. ऊन तिरपं होऊन टेबलावर आलं होतं. ग्लासातून ते तिच्या हातावर पडत होतं आणि बांगड्या चमकत होत्या. वाढणाऱ्यानं आधी तिला वाढलं. तिला सवयच नव्हती, तिनं दोनदा हात आडवा धरला, "आधी ह्यांना, आधी ह्यांना." तो नुसता हसला आणि तिलाच वाढलं.

मग तिनं पिशवीतून कडक भाकर काढली. मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. बाहेरचं खाणं आत आणायचं नाही अशी पाटी मी स्वतः वाचली होती. तिनं भाकर मोडली, एवढा मोठा कडकड आवाज झाला, की शेजारच्या टेबलावरची मुलगी वळली. तुकडे डाळीत घातले. रोझारियो समोरून गेला, भाकरीकडे बघितलं आणि छताच्या दिव्यांकडे बघू लागला.

ती जेवली. मी माझ्या सवयीनं भराभर जेवून मोकळा झालो. मग दाराकडे पाहिलं, तर बाहेर दोन-चार माणसं आधीच येऊन उभी. माझे पाय आपोआप हलले.

"चल, आटप. लोक थांबलेत."

तिनं घास तोंडाजवळ नेला होता. तो खाली न ठेवता ती म्हणाली, "थांबू द्या."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी खुर्चीत परत बसलो. सूर्य पाण्याला टेकला, चपटा झाला, विरघळल्यासारखा गेला. ताटातलं ऊन डाळीवरून भाकरीवर, भाकरीवरून काठावर सरकलं. तिनं शेवटचा घास उजेड असतानाच घेतला आणि मग काचेकडे बघत बसली.

"आवडलं?" मी विचारलं.

"नदीचा वास नाही आला," ती म्हणाली. "पण बाकी सगळं तसंच."

तिचे डोळे भरले होते. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, ओसरी भावांनी पाडून खोल्या काढल्या. पुढं काही विचारावं असं मला वाटलं नाही. बाहेर दारात भगवानराव हातावर हात चोळत उभे होते. "झालं का वैनी पोटभर?" ते म्हणाले. "मग आता आमी."

घरी परत आलो तो दिवस मंगळवारचा, देवीचा वार. घरात तीन घराणी उतरलेली. मी सुलभाला हळूच म्हणालो, "तू आज आधी बस." तिनं पदर खोचला. "पाहुण्यांच्या आधी? काय तरी बोलता." आणि ती स्वयंपाकघरात गेली, जणू ती कुठं गेलीच नव्हती.

मी मात्र आता एक पाहून ठेवलं आहे. आमच्या गच्चीवरून पश्चिमेला घाट उतरलेला दिसतो आणि त्यापलीकडे सगळं सपाट, समुद्रासारखं. काल बुधवार. सुलभाच म्हणाली होती, "बुधवारी सहसा कुणी येत नाही." मी शाळेतून लवकर आलो, दोन ताटं स्वतः वाढली (वरण सांडलं, ते जाऊ द्या), गच्चीवर नेली, सतरंजी अंथरली. ती वर आली, बसली. ताटात ऊन होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खालून हाक आली, "पुजारीबुवा आहेत का? टेंपो भरून आलोय."

ती उठली. जिन्यातून म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या, उजेड आहे तोवर."

मी जेवलो नाही. तिच्या ताटापाशी बसून राहिलो. ऊन वरणावरून सरकलं, मोडलेल्या तुकड्यावर थोडा वेळ थांबलं आणि काठावरून उतरून गेलं. खाली पहिली पंगत बसल्याचे आवाज येत होते, तिच्या बांगड्यांचेही.

अंधार पडल्यावर ती वर आली. दोन्ही ताटं तशीच बघून माझ्या शेजारी बसली. तिनं मोडलेला तुकडा उचलला.

"उद्या गुरुवार," ती म्हणाली. "गुरुवारी सहसा कुणी येत नाही."