आणि एकदा कौल

पिकलेल्या काजूबोंडांचा उग्र, आंबूस-गोड वास आला की मी खिडकी लावून घेते. तरी तो आत येतोच, आणि बांद्याकडच्या त्या रुग्णालयाची ओसरी घेऊन येतो.

तिथे माकडतापावरच्या नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. ते कुणाला द्यायचे आणि कुणाला नेहमीचेच उपचार, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवी. ते घरच्यांना समजावण्याचे काम माझे.

काजूच्या रानातून ताप घेऊन आलेल्या नवऱ्यासाठी पार्वतीकाकीने संमती दिली. मी पाकीट उचलताच तिने हात जोडले, देवळात कौल लावताना जोडतात तसे.

"बा देवा म्हाराजा, नव्या औषधाचो कौल दी रे!"

चिठ्ठीत नेहमीचेच उपचार निघाले.

"आणि एकदा काढ गो बाय."

"पुन्हा काढता येत नाही, काकी," मी पुस्तकी मराठीत म्हणाले.

"आमचो देव परत कौल लावूक देता. तुझा पाकीट देवापेक्षा मोठा काय गो?"

तिचा नवरा त्या तापातून उठला नाही.

पुढे अभ्यास संपला, तेव्हा कळले की नव्या औषधानेही कुणाला अधिक गुण आला नव्हता. 'नवे औषध मिळाले असते तर' हे तिच्या मनातले दुसरे पाकीट मिटावे, म्हणून मी तिच्या घरी जाऊन हे सांगितले.

"म्हंजे कसला औषध बरा, ह्या तुमका पण म्हायत नाय होता?"

"नव्हते, काकी. म्हणून तर चिठ्ठ्या."

"मगे त्या दिवशी तुया पण हात जोडूक व्हये होते गो."