न भाजणारा हात

आमोण्यात कुणाकडे मुंज असली किंवा सत्यनारायण असला, की खतखते, म्हणजे भाज्यांची घट्ट आमटी, रांधायला कमलाक्षीला बोलावणे ठरलेले. मोठा टोप चुलीवर रटरटू लागला की बाकीच्या बायका फडकी शोधत त्याच्याभोवती घुटमळायच्या. कमलाक्षी पुढे व्हायची, उघड्या हातांनी टोपाचे दोन्ही कान धरायची आणि कुणाला कळायच्या आत तो खाली उतरवून ठेवायची. "कमलाक्षीच्या हाताक ऊन लागना," असे बायका म्हणत. देवीने दिलेला हात, असेही कुणी म्हणे. कमलाक्षी हसून पदराने कपाळ पुसायची. तिला ते आवडायचे.

लग्न होऊन आली तेव्हा तिला चहाचा गरम पेलाही धरवत नसे. सासू त्यावरून टोमणे मारायची. मग हात केव्हापासून असा झाला, हे तिने स्वतःला कधी विचारले नाही. कामाची सवय झाली की कातडी जाड होते, एवढाच तिचा हिशेब. कधी बोटावर फोड दिसायचा. तिचा नवरा कृष्णनाथ फेरीबोटीवरची नोकरी संपवून घरी बसला होता; तो विचारायचा, हे कुठे भाजले? तिला आठवायचे नाही. कढईचा कान लागला असेल, असे सांगून ती हळद लावायची.

उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, कोपराखाली, एक फिकट तांबूस चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. आधी तिला तो गजकर्ण वाटला, मग तिने त्याकडे बघणे सोडले.

आरोग्य केंद्राची विनिता घरोघर फिरत आली, तेव्हा त्या चट्ट्याची तिला नीट आठवण झाली. विनिताने ओसरीवर बसून पाणी घेतले आणि विचारले, घरात कुणाच्या अंगावर सुन्न झालेला, रंग उतरलेला चट्टा आहे का? असला तर लपवू नका, गोळ्या फुकट मिळतात, पूर्ण बरे होते. कमलाक्षीचा पदर आपोआप हातावरून खाली आला. "आमच्याकडे कुणाला काही नाही," ती म्हणाली.

तिच्या लहानपणी तिच्या गावात विठू नावाचा माणूस होता. शेताच्या बांधावर झोपडीत एकटा राहायचा. बोटे झडलेली. तिची आई त्याला केळीच्या पानावर भात ठेवून यायची आणि लांबून हाक मारून परतायची. महारोग हा शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. आणि इकडे त्याच आठवड्यात तिच्या लेकीला, गौरवीला, बघायला पेडण्याची माणसे यायची होती. मुलगा दत्तप्रसाद तुयेच्या कारखान्यात सुपरवायझर, घर चांगले, एकच नणंद. अशा वेळी हातावरचा एक डाग सरकारी बाईला दाखवायचा? एकदा लग्न होऊ दे, मग बघू, असे तिने मनात म्हटले. लग्न झाले. मग चतुर्थी आली, मग गौरवीचा पहिला सण आला. ते बघायचे राहूनच गेले.

गौरवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, श्रीनाथ नाव ठेवले. त्याला न्हाऊ घालायचे काम कमलाक्षीने दुसऱ्या कुणाला दिले नाही. रोज सकाळी न्हाणीत पाटावर पाय पसरून बसायची, त्याला पायांवर उताणे घ्यायची, खोबरेल तेल चोळायची. भाणातले, चुलीवरच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यातले, कढत पाणी बालदीत ओतायचे, त्यात थंड मिसळायचे आणि हात घालून बघायचे. तिची आई असेच करायची, आईची आईही.

त्या दिवशीही तिने पाण्यात हात घातला. कोमट वाटले. तांब्या भरला आणि बाळाच्या पायांवर ओतला.

ते रडणे रोजचे नव्हते. गौरवी बाळंतिणीच्या खोलीतून धावत आली. आईच्या मांडीवरून तिने मूल उचलले. त्याचा डावा पाय लालबुंद झाला होता. तिने बालदीत बोटे घातली आणि तशीच झटक्याने बाहेर काढली. मग तिने आईकडे पाहिले. कमलाक्षी गोंधळून पुन्हा पाण्यात हात घालून बसली होती, कुठे चुकले ते शोधत असल्यासारखी.

"आये, ह्यां तुका कोमट वाटलां?" गौरवीने विचारले.

कमलाक्षीने मान हलवली. वाटले होते, खरेच वाटले होते.

कृष्णनाथने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत गौरवीने बाळाला आईच्या हातात दिले नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचा पाय तपासला, जखम वरवरची आहे, भरून येईल, असे सांगून मलमपट्टी केली. दुपटे धरून उभ्या असलेल्या कमलाक्षीच्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले ते नंतर. उजव्या हाताच्या बोटांवर मोठे फोड टरारले होते आणि ती त्याच हाताने दुपट्याची घडी घालत होती.

"दुखत नाही तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"नाही."

त्यांनी तिला खुर्चीवर बसवले. डोळे मिटा, कुठे लागले की सांगा, म्हणाल्या. कमलाक्षी डोळे मिटून बसली. पंख्याचा आवाज येत होता, बाळ हुंदके देत झोपी जात होते. डॉक्टरीणबाई केव्हा सुरू करतात याची ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "करताय ना?"

"झालं," त्या म्हणाल्या. कापूस आणि पेनाचे टोक त्यांनी तिच्या तळहातावरून, बोटांवरून सगळीकडे फिरवून पाहिले होते.

मग त्यांनी तिच्या कोपरामागे बोट दाबले. जिथे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, तीच जागा. तिथली शीर जाड दोरीसारखी लागत होती. मनगटातलीही तशीच. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट किंचित आत वळू लागले होते; कमलाक्षीला ते वयाचे वाटत होते. बाही वर करताच चट्टा दिसला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. विस्तवाला हात लागला की आपण विचार करून तो मागे घेत नाही. कातडीतून निरोप शिरेने पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तिथूनच हात ओढून घ्यायचा हुकूम सुटतो. भाजले हे डोक्याला मागाहून कळते. कुष्ठरोगाचे जंतू त्या शिरांतच घर करतात. आधी ऊन-थंड कळेनासे होते, मग दुखणे, मग बोटांतली ताकद जाते. तुमचा मेंदू शाबूत आहे, कणाही शाबूत आहे. हातापासून निरोपच निघत नाही.

"बरं होईल?" कृष्णनाथने विचारले.

रोग नक्की बरा होईल, गोळ्या सुरू केल्या की दुसऱ्या कुणाला लागणारही नाही, त्या म्हणाल्या. डाव्या हाताला आत्ताच सुरुवात आहे, तो वाचेल. उजव्याचे मात्र फार दिवस झालेले दिसतात. मग त्यांनी विचारले, तुमच्याकडे तपासणीला कधी कुणी आले नव्हते का?

उत्तर गौरवीने दिले.

"विनिताबाय आली होती. मी तिला पाणी नेऊन दिलं होतं." एवढे बोलून ती थांबली. तो आठवडा कुठला होता, हे तिला बोलता बोलता आठवले असावे. तिने आईकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. राग धरायलाही तिला जागा उरली नाही.

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. बाकी कुणाला काही निघाले नाही. दत्तप्रसादने आपल्या आईला सगळे स्वतः सांगितले, काही लपवले नाही. ती बाई एवढेच म्हणाली, औषध आहे तर घ्यावे, त्यात काय. ज्या घरासाठी कमलाक्षीने एवढे लपवले, त्या घरात ते इतक्या सहज पचले. हे तिला कळले तेव्हा ती मागच्या दारी जाऊन बसली. कृष्णनाथ समजूत घालायला आला, तर त्याला म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं."

वर्षभर गोळ्या चालल्या. डाव्या हाताला हळूहळू पाण्याचा गारवा कळू लागला. उजव्या हाताची बोटे शस्त्रक्रियेने बरीचशी सरळ झाली, तिला पेला धरता येऊ लागला, भाजी चिरता येऊ लागली. फक्त नजर हातावरून हलवायची नाही, असे तिला सांगितलेले होते. स्पर्श परत आला नाही. समारंभांना तिला अजून बोलावतात, पण टोप उतरवायला आता पुरुष येतात. बायका सांभाळून बोलतात, हाताविषयी कुणी काही काढत नाही.

विनिता एकदा मुद्दाम येऊन गेली. माझ्याबरोबर दोन घरांत चला, तुमचा हात दाखवून सांगितले तर बायका ऐकतील, म्हणाली. कमलाक्षीने पुढच्या आठवड्यात येते असे कबूल केले. त्या सकाळी लुगडे बदलून ती ओसरीवर आली, पायात वहाणाही घातल्या, आणि विनिता फाटकाशी दिसली तेव्हा अंग मोडून आल्याचे सांगून आत गेली. विनिताने पुन्हा विचारले नाही.

श्रीनाथ आता चालतो. पायावर फिकट डाग आहे, तोही वाढत्या वयात जाईल म्हणतात. कमलाक्षी पेडण्याला लेकीकडे गेली की तो धावत येऊन तिच्या मांडीवर बसतो. ती त्याला डाव्या बाजूला घेते. त्याच्या पाठीचा मऊपणा तिला त्याच हाताने कळतो. सकाळी न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज येतो, गौरवी त्याला न्हाऊ घालत असते. आईने न्हाऊ घालू नये असे गौरवीने कधी म्हटलेले नाही. टॉवेल घेऊन कमलाक्षी दाराशी उभी राहते. गौरवी ओल्या पोराला तिच्या हातात देते, आणि ती त्याला टॉवेलात गुंडाळून डाव्या बाजूला घेते.