धोंडूशेठची जीप थांबायला शिकली

गॅरेजात काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते ग्रीससारखे असतात. कधी लागले कळत नाही, आणि साबणानं जात नाहीत! खोपोलीच्या शिळफाट्यावर मी एकवीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. ट्रक आले, टेंपो आले, एका साहेबाची परदेशी मोटारसुद्धा आली. पण चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "सदा, ती जीप सांग रं."

सांगतो. आधी माणसं सांगतो, म्हणजे घोटाळा नको.

गॅरेज यशवंतदादांचं. लष्कराच्या वर्कशॉपात शिकलेला माणूस. बोलणं कमी, पान्याला पाना लावून ठेवायची सवय. त्यांच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यामुळे गॅरेजात नवस, अंगारा, लिंबू-मिरची काही नाही. "बोल्ट आवळला की शांती मिळते," म्हणायचे. मी त्यांच्या हाताखाली मेकॅनिक. रोज कर्जतच्या भिसेगावातून खोपोलीला यायचो. आणि गिऱ्हाईक म्हणजे धोंडूशेठ. कर्जतजवळ त्यांची भाताची गिरणी होती आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली एक म्हातारी जीप होती.

* * *

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. सकाळची वेळ, रस्त्यावर एकदम आरडाओरडा. बघतो तर एक उघडी जीप आमच्याच दिशेनं येतेय. ड्रायव्हर दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढतोय, आणि स्टिअरिंग शेजारी बसलेले धोतरवाले गृहस्थ सांभाळतायत!

आमच्या जुन्या टायरांच्या ढिगात घुसून जीप थांबली. गृहस्थ धोतर झटकत उतरले. हेच धोंडूशेठ. ड्रायव्हर काशिनाथ मात्र हँडब्रेक सोडायला तयार नव्हता.

दादांनी विचारलं, "ब्रेक नायत का गाडीला?"

"हायेत की," शेठ म्हणाले. "पण जरा विचार करून लागतात."

दादांनी पुढचं चाक काढलं, ड्रम उतरवला. आत मूठभर भाताचा तूस! ड्रमला आतून दाबून चाक अडवणारा जो शू, त्याच्यावरचा लायनर पार झिजून गेलेला, लोखंडावर लोखंड घासून ड्रमला आतून चरे पडलेले. दादांनी तूस झटकला. मग म्हणाले, "शेठ, हे शेवटचं कधी बदललं होतं?"

शेठनी बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडं बोट दाखवलं. "दर शनवारी बदलतो!"

"लिंबू नाय, लायनर!"

"तो कशाला?" शेठ म्हणाले. "तो दिसतो कुठं?"

* * *

दादांचं म्हणणं, नुसते शू बदलून भागायचं नाही. "ही गाडी लढाईतली. तवा हिच्यात दोन शिपाई बसायचे. तुमी आठ पोती भात आन वर सहा माणसं घालता. नऊ इंचांचे ड्रम काढू, अकरा इंचांचे लावू. शू मोठे, त्यांना ढकलणारे सिलिंडर मोठे, सगळंच मोठं."

त्यासाठी सामान आणायला मला मुंबईला पाठवलं. ड्रम दुसऱ्या दिवशी ट्रकनं येणार होते, शूचा खोका मात्र मी डोक्यावर घेऊन निघालो. उतरलो कर्जतला. म्हटलं, रात्र घरी काढू, सकाळी खोपोलीला नेऊ.

इकडं घरी काय झालेलं! जाताना मी आईला सांगून गेलो होतो, "मुंबईला शू आणायला जातोय." आईनं ते वडिलांना सांगितलं. वडिलांनी आळीला सांगितलं. माझ्या चुलतभावाचं लग्न तोंडावर आलेलं. तो तर पाय धुऊन ओट्यावर येऊन बसलेला!

मी खोका खाली ठेवला. वडिलांनी सुतळी तोडली आणि एकेक शू बाहेर काढला. लोखंडाची जड कमान, वर करडा लायनर. पहिला बघितला, दुसरा बघितला. चुलतभावानं एक तळव्याला लावूनसुद्धा पाहिला.

सगळे मांडून झाल्यावर वडील माझ्याकडं बघून म्हणाले, "आठ बूट आणलेस रं, आन एकाला बी लेस नाय!"

* * *

ब्रेकचं काम झालं की पाइपातली हवा काढावी लागते. एकानं वर बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून नळी सैल करायची. खालचा "दाबा" म्हणाला की दाबायचं, "सोडा" म्हणाला की सोडायचं. यात अक्कल लागत नाही, पण कान लागतात.

त्या दिवशी शेठ हट्टाला पेटले. "माझी गाडी हाय, मीच दाबणार!"

दादा खाली गेले. मी ऑइलचा डबा घेऊन शेजारी.

"दाबा!" दादा ओरडले.

शेठनी हॉर्न दाबला.

दादांचं डोकं चासीला आपटलं, आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. मग मी शेठना पॅडल दाखवलं. त्यानंतर मात्र काम झकास चाललं. चारही चाकं झाली. शेवटी दादा म्हणाले, "आता जोरात दाबून धरा. मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका."

शेठनी दात-ओठ खाऊन पॅडल दाबलं. तेवढ्यात एक ट्रकवाला धावत आला. घाटाच्या पायथ्याशी त्याचा ट्रक आडवा झालेला, रस्ता बंद. दादा आणि मी हत्यारं उचलली आणि त्याच्याबरोबर गेलो.

परत आलो दीड तासानं. शेठ तसेच! कपाळावर घाम, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय पॅडलवर आणि अख्खी मांडी थरथरतेय. काशिनाथ त्यांना बशीतून चहा पाजत होता.

मला वाटलं, आता दादा माफी मागणार. दादा वाकले. पॅडल बघितलं, मग चारही चाकांमागं हात फिरवून बघितला. चेहरा एकदम खुलला. "वा शेठ! दीड तासात पॅडल सूतभर खाली गेलं नाय. एक बी सिलिंडर गळत नाय!"

शेठ रडवेल्या आवाजात म्हणाले, "सिलिंडर नाय गळत रं, मी गळालो!"

* * *

नवे ब्रेक लागले. पण काशिनाथचा पाय जुनाच होता! त्याला सवय अशी की थांबायचं असेल तिथून फर्लांगभर आधी पॅडल मारायला सुरुवात करायची, आणि तेही उभं राहून. दादांनी त्याला दहा वेळा बजावलं, "काशिनाथ, आता नुसता अंगठा टेकव." काशिनाथनं दहा वेळा मान डोलावली.

पहिल्याच दिवशी शेठ आपल्या व्याह्यांना आणायला कर्जत स्टेशनात गेले. व्याही लोणावळ्याचे. मोठे शिस्तीचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. शेठची मुलगी त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे शेठ त्यांच्यापुढं कायम अर्धे वाकलेले. पुढच्या सीटवर व्याह्यांची ट्रंक ठेवली होती, म्हणून दोघं मागं, गाडीच्या लांबीला लावलेल्या बाकावर बसले. व्याही पुढच्या टोकाला, शेठ आदबीनं चार हात लांब, मागच्या टोकाला.

चार फाट्याच्या चौकात एक कोंबडी आडवी आली. काशिनाथ उभा राहिला आणि त्यानं सगळं अंग पॅडलवर टाकलं!

जीप जागच्या जागी थांबली. शेठ नाही थांबले. बाकावरून पोत्यासारखे घसरत गेले ते थेट व्याह्यांच्या मांडीवर. टोपी व्याह्यांच्या कुशीत, हात व्याह्यांच्या गळ्यात.

कोंबडी निघून गेली.

व्याह्यांनी चष्मा नीट केला आणि शांतपणे म्हणाले, "धोंडूशेठ, मुलगी दिलीत तेवढं पुरे होतं."

* * *

त्यानंतर शेठना ब्रेकचा भारी अभिमान वाटायला लागला. भेटेल त्याला सांगायचे. "अकरा इंच! अकरा इंच हाय!" ऐकणाऱ्याला कशाचे ते कळायचं नाही.

एक दिवस त्यांनी पेंटर गाठला आणि जीपच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'ब्रेक नवीन आहेत. अंतर ठेवा.'

आठवड्याच्या आत जीप आमच्याकडं. मागची फळी आत गेलेली, 'अंतर'मधला 'अं' तेवढा शिल्लक. झालं असं की पळसदरीजवळ ओळखीचं कुणी दिसलं म्हणून शेठ "थांब!" म्हणाले, आणि काशिनाथनं थांबवली. मागून एक बैलगाडी येत होती. तिची दांडी सरळ फळीत!

शेठ उतरून गाडीवानावर तापले. "एवढं मोठं लिवलंय, डोळे फुटलेत का तुझे?"

गाडीवान गरीब माणूस. धुऱ्यावरून उतरला, मुंडासं सारखं केलं, फळीकडं बघितलं, बैलांकडं बघितलं.

"शेठ," तो म्हणाला, "मला येतं वाचता. पण पुढं बैल व्हते."

* * *

पण या सगळ्यांत एक माणूस काही केल्या जीपमध्ये बसेना. शेठची बायको, यमुनाकाकी.

त्याला कारण होतं. जुन्या ब्रेकांच्या दिवसांत काकी एकदाच तिच्यात बसल्या होत्या. जीप घरापाशी आली, पण घरापाशी थांबली नाही. अंगणातल्या वाळत घातलेल्या वालांवरून गेली, गोठ्याला वळसा घातला आणि काकींना घेऊन उकिरड्यात शिरली. त्या दिवसापासून काकी कुठंही पायी जायच्या. जीप वाटेत दिसली तर बांधावर चढून उभ्या राहायच्या.

नव्या ब्रेकांचं त्यांना कितीदा तरी सांगून झालं. पण व्याह्यांचा प्रकार त्यांच्या कानावर आलेला, बैलगाडीचाही. त्यांनी अख्ख्या बाजारात सांगून टाकलं, "यशवंताच्या ब्रेकाचा काय भरोसा नाय."

हे मात्र दादांना लागलं. त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आता शिळफाट्यावरचे ट्रकवालेही येता-जाता विचारायला लागले, "काय दादा, काकींचा भरोसा बसला का?" आठ दिवस दादा जेवणाचा डबा निम्मा परत न्यायचे. नवव्या दिवशी पाना खाली ठेवला आणि मला म्हणाले, "चल."

आम्ही गिरणीवर गेलो. काकी ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या.

"काकी," दादा म्हणाले, "काय केलं म्हंजे तुमचा भरोसा बसंल?"

काकींनी सूप खाली ठेवलं. "ज्यानं ब्रेक लावले, त्यानं गाडीसमोर उभं राहावं."

शेठ पुढं आले. "अगं, कायतरीच काय बोलतेस!"

"मी त्यात बसायचं ते चालतं," काकी म्हणाल्या, "आन यानं समोर उभं राहायचं ते चालत नाय?"

दादांनी सदऱ्याची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कुठं उभा राहू?"

गिरणीला येणारा रस्ता उताराचा. काकींनी स्वतः जागा दाखवली आणि पिठाच्या डब्यातून मूठभर पीठ आणून रेघ मारली. दादा रेघेला लागून खालच्या बाजूला उभे राहिले, वर चढाकडं तोंड करून. हमाल जमले, भात भरडायला आलेल्या बाया जमल्या. मी म्हटलं, "दादा, मी राहतो उभा." ते म्हणाले, "ब्रेक कुणी लावले?" मी म्हटलं, "तुमी." म्हणाले, "मग हो बाजूला." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण हाताच्या मुठी वळलेल्या मला दिसत होत्या.

काशिनाथ जीप घेऊन वर चढावर गेला. शेठनी रुमाल हलवला. जीप निघाली. पहिल्यांदा हळू, मग उतारानं वेग घेतला. धूळ उडाली. एका बाईनं पदर तोंडात धरला. जीप आली, आणखी जवळ आली. एवढ्यात टायर कच्चकन वाजले आणि जीप थांबली. रेघ वीतभर उरली असताना, दादांच्या सदऱ्याच्या बटणांसमोर!

हमालांनी एकच गिल्ला केला. शेठनी मला मिठी मारली. काकी मात्र सावकाश ओसरी उतरल्या, रेघेपाशी आल्या, बंपर बघितला, दादांना बघितलं. मग पदर खोचला आणि कुणाचा हात न घेता जीपमध्ये चढून बसल्या.

बसल्यावर म्हणाल्या, "यशवंता, मानलं तुला. पण डोळे कशाला रं मिटले व्हतेस?"

दादांनी डोळे पुसले. धूळ गेली होती त्यात. म्हणाले, "काकी, ब्रेकवर माझा भरोसा हाय. पण दाबणार काशिनाथ. त्याचं काय सांगावं?"

तेव्हा सगळ्यांना काशिनाथची आठवण झाली. तो अजून स्टिअरिंगला मिठी मारून, पॅडलवर उभाच होता. तोंड पांढरंफटक.

"दादा," तो म्हणाला, "थांबली का? मी बी डोळे मिटलेत!"