पार्वतीबाईच्या शेजारची जागा

आम्हा लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, मातीत बसवतात. आडवं निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात. कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग. त्यामुळे खड्डा नुसता खोल असून भागत नाही, आत एका अंगाला कोनाडा काढावा लागतो. लातूरच्या आमच्या भागात तो कोनाडा सिद्रामप्पाइतका नीट कुणालाच जमला नाही. सुतळीवर मेलेल्याच्या पावलाचं माप घ्यायचं, त्या मापानं खड्डा आखायचा आणि टिकाव उचलायचा. चाळीस वर्षं हेच. मोबदला म्हणून नारळसुद्धा घ्यायचा नाही. फारच आग्रह केला तर चहा, तोही बिनसाखरेचा. साखर डॉक्टरनं बंद केली होती आणि त्याबद्दल डॉक्टरला रोज दोन शिव्या ठरलेल्या.

मी अमरेश. धंदा प्लॉटिंगचा, आणि आमच्या स्मशानभूमीच्या समितीचा चिटणीसही मीच. जिवंतांना जागा विकायची, मेलेल्यांना फुकट द्यायची, असा माझा दुहेरी कारभार. लोक हसतात, हसू द्या.

तीस वर्षांपूर्वी ही स्मशानभूमी गावाबाहेर होती. दिवसासुद्धा इकडं यायला माणूस कचरायचा. मग शिकवण्यांचं वारं सुटलं. रेणापूर, जळकोट, पार तिकडं बिलोलीपासून माणसं लेकरं घेऊन आली. आधी पोरासाठी एक खोली, मग पोराला जेवू घालायला आई, मग बाप, शेवटी म्हातारा-म्हातारी. तुरीची शेतं मोडून लेआउट पडले. खानावळी निघाल्या, टँकर फिरू लागले, घरभाडी चढली. यात माझं भलं झालं, खोटं कशाला बोलू? माझ्या घराच्या एका मजल्याचे तीन झाले. पण एवढी माणसं येणार म्हणजे एवढी माणसं इथंच मरणार, हे माझ्या कुठल्याच नकाशात धरलेलं नव्हतं.

दोन एकरांची स्मशानभूमी बघता बघता भरली. चारी बाजूंनी तीन-तीन मजले, मधे आमची माणसं. गेल्या उन्हाळ्यात समितीनं ठराव केला की ज्यांना पंचवीस वर्षं झाली आणि ज्यांच्यावर दगड-ओटा काही नाही, त्या जागा पुन्हा खोदायच्या. कोण कुठं आहे हे फक्त सिद्रामप्पाला ठाऊक. कागदावर काहीच नव्हतं, सगळं त्याच्या डोक्यात. मी ठराव वाचून दाखवला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बसलेल्या माणसाला उठवायचं नसतंय, अमरेश. मी न्हाई सांगणार." तिथंच ठराव संपला.

निंबाखाली त्याची बायको पार्वतीबाई होती. बारा वर्षांपूर्वी गेली. तिचा खड्डा त्यानं एकट्यानं काढला, दुसऱ्या कुणाला टिकाव धरू दिला नाही. तिच्या डाव्या हाताला चांगली सपाट जागा होती, माझा धंद्यातला डोळा त्या जागेवर वरचेवर जायचा. मी विचारलं की तो म्हणायचा, "तिथं जुनं कुणीतरी बसलेलं हाय. माझ्या आधीचं." सिद्रामप्पानं सांगितलं म्हणजे झालं. जानेवारीत त्याच्या सख्ख्या मेव्हण्याच्या घरी मयत झाली, तेव्हा त्यालाही त्यानं तीच गोष्ट सांगितली आणि मयत उदगीरला न्यायला लावली.

आणि मार्चमध्ये मल्लेश गेला. जळकोटकडचा माणूस. मुलगी अंबिका हुशार, तिला शिकवायचं म्हणून चार एकर शेत विकलं आणि माझ्याकडून प्लॉट घेतला. वीस बाय तीस. त्यावर दोन खोल्या बांधल्या, पुढं अडतीत हमाली धरली. सकाळी पोतं उचलताना छातीत कळ आली ती शेवटचीच. दुपारी त्याची बायको शिवकन्या माझ्या दारात उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"गावाकडं फोन लावला," ती म्हणाली. "शेत ज्यानं घेतलं त्यो न्हाई म्हणतोय. उभं पीक हाय म्हणं. ह्यांचा बाप, आजा तिथंच बसलेले हायत, तरी न्हाई म्हणतोय."

मी म्हणालो, इथं जागा उरलेली नाही. दहन करता येईल, गाडीची व्यवस्था मी करतो. अशा वेळी जे बोलतात ते सगळं बोललो.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेठ, शेत व्हतं तवा माती व्हती. तुमी प्लॉट दिलाव, त्यात भिंतीला भिंत लागलीय. कुठं बसवू त्यास्नी? चुलीपाशी?"

मला कुणी जोड्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिला घेऊन मी स्मशानभूमीत गेलो. सिद्रामप्पा निंबाखाली बसला होता. मी सगळं सांगितलं आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढं हात जोडले. "आप्पा, एखादी जुनी जागा दाखवा. तेवढी एकच."

त्यानं पार्वतीबाईच्या ओट्यावर पडलेली पानं एकेक करून वेचली. मग शिवकन्येला विचारलं, "माप आणायला घरी येऊ का? लांब हाय का घर?"

मापाची सुतळी घेऊन परतला तो सरळ पार्वतीबाईच्या डाव्या अंगाला गेला आणि आखायला लागला. अडुसष्ट वर्षांचं वय, वर मार्चचं ऊन. मी टिकाव मागितला, दिला नाही. माती कोरी निघाली. घट्ट, कधीच न हललेली. मी जमिनीतला माणूस, मला तेवढं कळतं. दिवस बुडायच्या आत खड्डा झाला, कोनाडा झाला. विधी करायला स्वामी आले, मल्लेशला बसवलं. अंबिकेनं बेलाचं पान ठेवलं आणि तेव्हा कुठं शिवकन्या रडली. मोठ्यानं, गावाकडच्यासारखी.

सगळे गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. तो फावड्यानं कडेची माती ओढत होता. मला राहवेना.

"आप्पा, इथं तर जुनं कुणीतरी बसलेलं हाय म्हणत व्हताव."

"हाव," तो म्हणाला. "मीच व्हतो. बारा वर्षं बसलो." त्यानं फावडं बाजूला ठेवलं. "दुसऱ्याला उठवायचं नसतंय. आपण उठलं तर चालतंय."

मी म्हणालो, "मग आता तुमचं काय?"

त्यानं भोवतालच्या तीन-तीन मजल्यांवरून नजर फिरवली. राग नव्हता, टोमणाही नव्हता. खरंच विचारल्यासारखं म्हणाला, "तू बघ की कुठंतरी. येवढे प्लॉट पाडलास."